निकालपत्रांतून घडलेली शब्दसंपदा : खानापूर तालुक्यातील एका विधी-विद्यार्थिनीचे प्रकरण

प्रस्तुत प्रकरण खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातून बेळगावात शिकायला आलेल्या एका विद्यार्थिनीचे आहे. माझ्याकडे ती मार्गदर्शनासाठी आली तेव्हा कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात चौथ्या वर्षाला होती. तिची ओळख पटेल असा तपशील येथे दिलेला नाही. दहावीपर्यंतचे तिचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, इंग्रजी आणि कन्नड या भाषा म्हणून शिकल्या गेल्या आणि पीयूसीपासून (अकरावी-बारावीपासून) सगळे शिक्षण इंग्रजीत आले. साधे इंग्रजी तिला अडत नव्हते. वर्तमानपत्रातली बातमी ती वाचत असे, अर्ज लिहीत असे, वर्गातले व्याख्यान तिला समजत असे. अडचण त्याच्या पुढच्या पायरीवर होती. न्यायालयांची निकालपत्रे तिला वाचवत नव्हती, आणि स्वतः लिहिलेले इंग्रजी प्राध्यापकांना ‘विचित्र’ का वाटते, हे तिला कळत नव्हते.

सीमाभागातल्या वकिलाला या पायरीवाचून गत्यंतर नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च न्यायालयाचे कामकाज मुळात इंग्रजीत चालते आणि बेळगाव जिल्ह्यातील अपिले धारवाडच्या खंडपीठाकडे जातात. पक्षकार मराठीत आपली कैफियत सांगतो, तालुक्याच्या कोर्टात आणि नाडकचेरीत (स्थानिक महसूल कार्यालयात) कन्नडची गाठ पडते आणि धारवाडला तेच म्हणणे इंग्रजीत मांडावे लागते. शिवाय या विद्यार्थिनीला एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, प्रवेश घ्यायचा होता. त्या प्रवेशपरीक्षेत १२० मिनिटांत १२० प्रश्न सोडवायचे असतात, आणि ते निकालपत्रांतील व कायद्यांतील उताऱ्यांवर बेतलेले असतात. तेथे एका वाक्यापाशी अडखळून बसण्यास वेळच नसतो.

या प्रकरणाने माझे एक मत पक्के केले आहे, ते आरंभीच सांगते. परक्या भाषेतले अवघड शब्द जिथे विषय आपल्या भाषेत आधीच पूर्ण कळलेला असतो तिथे सर्वांत चांगले रुजतात. म्हणून प्रगत शब्दसंपदा कमवायची असेल तर विद्यार्थ्याने आपल्या आयुष्याशी निगडित असा एक विषय धरावा आणि बराच काळ तो सोडू नये.

तिचा आधीचा अभ्यास

तिने कष्टांत काही कसूर ठेवली नव्हती. स्पर्धापरीक्षांसाठी बाजारात मिळते तशी तीनेक हजार शब्दांची यादी तिने मिळवली होती आणि रोज पहाटे त्यातले वीस शब्द ती पाठ करीत असे. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द आणि उजव्या बाजूला एका शब्दात मराठी अर्थ, अशा दोन जाड वह्या भरल्या होत्या. वही उघडून मी कोणताही शब्द विचारला तर बहुतेकांचा अर्थ ती तत्काळ सांगत असे. तिच्या जागी दुसरे कोणी असते तर आपली शब्दसंपदा मोठी झाली असे समजून स्वस्थ बसले असते.

तिचे निबंध वाचल्यावर मात्र चित्र बदलले. ‘गावच्या रस्त्याची सुधारणा व्हावी’ हे सांगताना तिने ‘अ‍ॅमिलिओरेट द रोड’ असे लिहिले होते, कारण वहीत ‘अ‍ॅमिलिओरेट’पुढे ‘सुधारणे’ एवढेच होते. इंग्रजीत हा शब्द दारिद्र्य, दुःख, हालाखीची परिस्थिती यांच्याबरोबर येतो. रस्त्याच्या डागडुजीला तो चालत नाही. ‘मिटिगेट’पुढे ‘कमी करणे’ होते, म्हणून तिने खताची किंमत ‘मिटिगेट’ केली होती. वस्तुतः हानी, धोका, शिक्षा, परिणामांची तीव्रता ‘मिटिगेट’ होते आणि किंमत नुसती कमी होते. वसतिगृह सोडून घरी गेल्याबद्दल तिने ‘आय रिलिंक्विश्ड द हॉस्टेल’ असे लिहिले होते. व्याकरणाच्या दृष्टीने तिन्ही ठिकाणी बोट ठेवायला जागा नाही, तरीही इंग्रजी जाणणारा वाचक तिन्ही ठिकाणी थबकेल.

यादीचा मुख्य दोष येथे दिसतो. शब्द कोणाच्या शेजारी बसतो आणि कोणाच्या शेजारी बसत नाही, हे यादी सांगत नाही. मराठीत आपण ‘दावा दाखल करतो’, ‘साक्ष देतो’ आणि ‘शपथ घेतो’. यातली क्रियापदे अदलाबदल केली तर अर्थ कळतो, पण ऐकणारा हसतो. मातृभाषेत हे शेजार आपोआप अंगवळणी पडतात. परक्या भाषेत ते मुद्दाम टिपावे लागतात, आणि शब्द जितका वरच्या पातळीचा तितके त्याचे शेजार ठरलेले असतात.

एका पानाची तपासणी

पहिल्या बैठकीत मी तिला एका निकालपत्राचे एक पान दिले आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ मारायला सांगितले. पानावरच्या दर पंधरा-वीस शब्दांमागे एक रेघ पडली. हे प्रमाण वरवर किरकोळ वाटते, पण ते किरकोळ नाही. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे इंग्रजी पुस्तक किंवा वर्तमानपत्र कोणाच्या मदतीवाचून समजायचे असेल तर मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात आणि त्यासाठी ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबे माहीत असावी लागतात. शब्दकुटुंब म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली त्याची रूपे. तीनशे शब्दांच्या पानावर ९८ टक्क्यांच्या हिशेबाने सहा अनोळखी शब्द राहतात, ते संदर्भाने निभावून नेता येतात. त्याच पानावर पंधरा-वीस अनोळखी शब्द आले की संदर्भ सांगणारे शब्दही अनोळखी होऊन बसतात.

त्यानंतर मी तिला दुसरे काम दिले, आणि या प्रकरणातली सर्वांत उपयुक्त माहिती त्यातून मिळाली. ज्या शब्दांखाली रेघ नव्हती, म्हणजे जे तिला येत होते, त्यांचा त्या वाक्यातला अर्थ तिने मराठीत लिहायचा होता. ‘अप्रिशिएशन ऑफ एव्हिडन्स’चे तिने ‘पुराव्याचे कौतुक’ केले. न्यायालयाच्या भाषेत ते पुराव्याची छाननी करून त्याचे मोल ठरवणे होय. ‘रिलीफ’ म्हणजे तिच्या लेखी दिलासा होता, तर तेथे ती वादीने मागितलेली दाद होती. ‘ऑन अ प्रॉपर कन्स्ट्रक्शन ऑफ सेक्शन सिक्स’ या शब्दांत तिने ‘कन्स्ट्रक्शन’ बांधकामाचेच ठेवले आणि मग पुढचे अर्धे पान तिला निरर्थक वाटले. तेथे तो शब्द ‘कन्स्ट्रू’ या क्रियापदाचे नाम आहे आणि त्याचा अर्थ कलमाचा अन्वय लावणे असा आहे.

लाल रेघेचा शब्द माणूस कोशात पाहतो. ओळखीच्या शब्दाचा अनोळखी अर्थ तो पाहतच नाही, कारण तिथे शंका यायलाच जागा नसते. आपल्या बोलण्यात रुळलेल्या इंग्रजी शब्दांनी ही अडचण वाढते. ‘पेशंट सिरियस आहे’, ‘डोनेशन भरले’, ‘टेन्शन आले’ या वाक्यांत ते शब्द मराठीच झाले आहेत आणि त्यांचे अर्थ मराठीने आपल्या गरजेप्रमाणे बेतून घेतले आहेत. त्यात गैर काही नाही. इंग्रजी वाचताना मात्र त्या अर्थांना बाजूला ठेवावे लागते, आणि ते ठेवायचे आहेत याची जाणीव आधी व्हावी लागते.

विषयाची निवड

यादी बंद करून एक विषय घ्यावा असे ठरल्यावर तो कोणता, हा प्रश्न आला. तिने स्वतःच वडिलोपार्जित जमिनीतील मुलींचा हिस्सा हा विषय सुचवला. तिच्या आजोळी त्या काळात हक्कसोडपत्रावरून बोलणी चालली होती. तिच्या आईने आणि मावशीने भावांच्या नावे हक्क सोडून द्यावा, अशी नातेवाइकांची अपेक्षा होती. वाटणी, हिस्सा, खातेफोड, वहिवाट, कब्जा, मृत्युपत्र, बक्षीसपत्र हे शब्द तिने लहानपणापासून ओसरीवरच्या बोलण्यात ऐकले होते. या विषयात कोणाचे काय पणाला लागलेले असते, हे तिला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

याचा फायदा पहिल्याच आठवड्यात दिसला. यादीतला ‘रिलिंक्विश’ तिने ‘सोडून देणे’ म्हणून पाठ केला होता आणि वसतिगृहाला लावला होता. आईपुढे आलेल्या मसुद्यातले ‘हक्कसोड’ म्हणजेच इंग्रजीत ‘रिलिंक्विशमेंट’, हे कळल्यावर त्या शब्दाचे शेजार तिला सांगावे लागले नाहीत. माणूस हक्क सोडतो, दावा सोडतो, कब्जा सोडतो, आणि हे सोडणे जाणूनबुजून केलेले असते. तो शब्द तिने पुन्हा चुकीचा वापरल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

त्या विषयावरची सर्वोच्च न्यायालयाची तीन निकालपत्रे आम्ही क्रमाने घेतली. हिंदू उत्तराधिकार अधिनियमात ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबातील मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेची जन्मापासूनची हिस्सेदार, मानले. त्या तारखेआधी वडील वारले असतील तर काय, हा वादाचा मुद्दा होता. २०१५ च्या ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’ या निकालात न्यायालयाने तो हक्क त्या दिवशी हयात असलेल्या सहदायादांच्या हयात मुलींपुरता मर्यादित केला. २०१८ च्या ‘दानम्मा विरुद्ध अमर’ या निकालात वडील आधी वारलेले असूनही मुलींना हिस्सा मिळाला. दोहोंतील विसंगती ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दूर केली. हक्क जन्माने मिळतो, म्हणून त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, असे ठरले आणि फुलवती प्रकरणातला निर्णय रद्दबातल झाला. यातला पहिला खटला मुळात बेळगावच्याच न्यायालयात १९९२ मध्ये दाखल झाला होता. हे कळले तेव्हा विद्यार्थिनीला झालेला आनंद मी पाहिला आहे. आपल्या जिल्ह्याच्या कोर्टातला वाटणीचा दावा दिल्लीपर्यंत गेला आणि देशभरच्या मुलींच्या हक्काची चर्चा त्यावरून झाली, ही गोष्ट वाचनाला बळ देणारी होती.

एकाच विषयावर सलग वाचण्याला भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी ‘नॅरो रीडिंग’ असे नाव दिले आहे. त्यामागचे कारण सरळ आहे. विषय बदलला की शब्दही बदलतात आणि आज भेटलेला शब्द पुन्हा महिनोन्महिने भेटत नाही. विषय तोच राहिला की तेच शब्द निरनिराळ्या वाक्यांत पुन्हा पुन्हा येतात आणि दर भेटीत त्यांच्या अर्थाची एक नवी बाजू दिसते. विनीता शर्मा निकालपत्र शंभरावर पानांचे आहे. त्यात ‘कन्फर’ (बहाल करणे), ‘अक्रू’ (हक्क उत्पन्न होणे), ‘व्हेस्ट’ (हक्क निहित होणे), ‘डिव्हॉल्व्ह’ (वारशाने जाणे) हे शब्द इतक्या वेळा येतात की वाचणाऱ्याला ते वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

शब्दांची वर्गवारी

वाचताना टिपलेले शब्द आम्ही तीन वर्गांत घातले. पहिला वर्ग ‘कोपार्सनर’ (सहदायाद), ‘इन्टेस्टेट’ (मृत्युपत्र न करता वारलेला), ‘मेस्न प्रॉफिट्स’ (बेकायदा कब्जाच्या काळातले उत्पन्न) यांसारख्या पारिभाषिक संज्ञांचा होता. दुसरा वर्ग सर्व प्रकारच्या गंभीर लेखनात येणाऱ्या सामान्य शब्दांचा, आणि तिसरा न्यायमूर्तींच्या शैलीतून आलेल्या दुर्मिळ किंवा लॅटिन शब्दांचा. बहुतेक विद्यार्थी पहिल्या आणि तिसऱ्या वर्गावर जीव टाकतात, कारण ते शब्द डोळ्यांत भरतात. माझा आग्रह दुसऱ्या वर्गाचा होता. संज्ञेची व्याख्या कायद्यातच सापडते, दुर्मिळ शब्द वगळून पुढे गेले तरी फारसे बिघडत नाही. पण ‘प्रिक्लूड’ (मज्जाव करणे), ‘एन्व्हिसेज’ (कल्पिणे), ‘रेंडर’ (करून टाकणे), ‘कन्स्ट्रू’, ‘अक्रू’ यांच्यावरच युक्तिवादाचा सांगाडा उभा असतो आणि ते कायद्याबाहेर अर्थशास्त्रात, इतिहासात, अग्रलेखातही येतात. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड या भाषाशास्त्रज्ञांनी २००० साली विद्यापीठीय लेखनातील ५७० शब्दकुटुंबांची एक यादी प्रसिद्ध केली, तेव्हा तेवढ्याच शब्दांनी अशा मजकुराचा सुमारे दहावा भाग व्यापलेला आढळला. थोडक्या शब्दांवर मोठा भार असतो, तो हाच वर्ग.

अधिनियमाच्या सहाव्या कलमातील दुरुस्त वाक्याने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. मुलगी ‘बाय बर्थ बिकम अ कोपार्सनर इन हर ओन राइट इन द सेम मॅनर अ‍ॅज द सन’ असे ते वाक्य आहे. त्यात ‘कोपार्सनर’ सोडला तर प्रत्येक शब्द पाचवीच्या मुलालाही येतो. तरी ‘इन हर ओन राइट’ हे चार शब्द तिने पहिल्या वाचनात ‘तिच्या उजवीकडे’पासून ‘तिच्या योग्य मताप्रमाणे’पर्यंत सगळ्या तऱ्हांनी लावून पाहिले. ‘कोणाच्या नात्याने नव्हे, स्वतःच्याच हक्काने’ हा अर्थ लागला तेव्हा कलमाचा जोर तिच्या लक्षात आला, कारण तोपर्यंत केंद्रीय कायद्याप्रमाणे मुलगी ही कोणाची तरी वारस म्हणून मालमत्तेपर्यंत पोचत होती. पुढच्या एका उपवाक्यात ती ‘सब्जेक्ट टु द सेम लायबिलिटीज’ आहे, म्हणजे मुलाच्या जबाबदाऱ्याही तिच्यावर आहेत, असे म्हटले आहे. ‘सब्जेक्ट’ म्हणजे शाळेतला विषय एवढेच जाणणाऱ्याला ते वाक्य उकलत नाही. प्रगत शब्दसंपदा म्हणजे लांबलचक शब्दांचा साठा, हा समज मोडायला हे एक कलम पुरेसे आहे.

मूळ धातूंच्या साह्याने शब्द लावण्याची पद्धतही आम्ही वापरली, पण मर्यादा ओळखून. ‘प्रॉस्पेक्टिव्ह’ आणि ‘रेट्रोस्पेक्टिव्ह’ यांतला लॅटिन धातू पाहण्याचा आहे आणि तो संस्कृतातील ‘पश्यति’शी नाते सांगतो. एक पुढे पाहणारा, दुसरा मागे पाहणारा, एवढे समजले की दोन्ही शब्द सहज लक्षात राहतात. तथापि विनीता शर्मा निकालात ‘रेट्रोअ‍ॅक्टिव्ह’ हा तिसरा शब्द येतो. कायदा पुढच्या काळासाठीच लागू होतो, पण त्याचा आधार पूर्वी घडलेली घटना, येथे मुलीचा जन्म, ही असते, असा त्याचा अर्थ न्यायालयाने लावला. हा बारकावा धातूतून निघत नाही, तो त्या परिच्छेदातच शोधावा लागतो.

वही, कार्डे आणि उजळणी

नवी वही जुन्या वह्यांपेक्षा वेगळी लिहिली गेली. शब्द एकटा लिहायचाच नाही, असा नियम होता. ‘कन्फर’ऐवजी ‘कन्फर अ स्टेटस ऑन’, ‘अक्रू’ऐवजी ‘अ राइट अक्रूज टु’, ‘प्रिक्लूड’ऐवजी ‘प्रिक्लूड समवन फ्रॉम’. त्याखाली निकालपत्रातले मूळ वाक्य, आणि त्याखाली आजोळच्या जमिनीसंबंधी स्वतः रचलेले एक वाक्य. दिवसाला पाच-सहा नोंदींच्या वर जायचे नाही, हे तिला आरंभी जड गेले, कारण रोज वीस शब्दांची सवय लागलेल्याला पाच शब्द म्हणजे आळस वाटतो.

उजळणीसाठी तिने जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून कार्डे केली आणि ती कुंद्याच्या रिकाम्या खोक्यात पाच कप्पे करून ठेवली. कार्डाच्या दर्शनी बाजूला शब्द गाळलेले वाक्य आणि मागे तो शब्द. बरोबर आठवला तर कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि अधिक दिवसांनी समोर येते, चुकला तर पहिल्या कप्प्यात परत येते. सेबास्टियन लाइट्नर या जर्मन लेखकाने ही पद्धत १९७० च्या दशकात लोकप्रिय केली. शिकलेले आरंभी झपाट्याने विसरले जाते आणि नंतर तो वेग मंदावतो, हे मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवले होते. नुसते पुन्हा वाचण्यापेक्षा आठवण्याचा प्रयत्न केल्याने स्मरण अधिक टिकते, हे रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगांतून पुढे आले. वाक्यातली रिकामी जागा भरताना हा आठवण्याचा व्यायाम तर होतोच, शिवाय शब्दाचे शेजारही डोळ्यांसमोर राहतात.

येथे एक योगायोग फार उपयोगी पडला. तिची खोलीतली मैत्रीण बैलहोंगलची, कन्नड माध्यमातून आलेली आणि त्याच वर्गातली होती. दोघी एकमेकींना कार्डे विचारत, पण मैत्रिणीला मराठी अर्थ सांगून भागत नसे. वादी, प्रतिवादी, साक्षी, न्यायालय हे शब्द दोन्ही भाषांत सारखेच असल्याने तेवढ्यापुरता आधार मिळे. बाकी सर्व अर्थ सोप्या इंग्रजीत समजावून द्यावा लागे. ‘नोशनल पार्टिशन’ म्हणजे प्रत्यक्ष न झालेली, पण हिस्सा काढण्यासाठी झाली असे मानलेली वाटणी, हे दुसऱ्या कन्नडभाषक मुलीला इंग्रजीत पटवून देताना ज्या शब्दांची जुळवाजुळव करावी लागते, तो सराव कोणत्याही वर्गात मिळत नाही. सीमाभागात दोन भाषांच्या मुली एका खोलीत राहतात, ही आपल्याकडची मोठी सोय आहे आणि तिचा असा उपयोग अधिक व्हायला हवा असे मला मनापासून वाटते.

लेखन आणि उच्चार

तिसऱ्या महिन्यापासून ती दर आठवड्याला एक पान लिहू लागली. आधी आईला मराठीत समजेल असे टिपण आणि मग त्याच मजकुराचे वकिलासाठी इंग्रजी टिपण, असा क्रम होता. मी व्याकरणाच्या किरकोळ चुका सोडून देत असे आणि फक्त शब्दांचे शेजार तपासत असे. सुरुवातीला पानावर आठ-दहा ठिकाणी खूण करावी लागे, पुढे त्या खुणा दोन-तीनांवर आल्या.

याच टप्प्यावर एक नवा दोष दिसू लागला. निकालपत्रांची भाषा तिच्या हातात इतकी बसली की वसतिगृहाच्या अधीक्षकांना लिहिलेल्या रजेच्या अर्जातही ‘इट इज हिअरबाय प्रेड’ (याद्वारे प्रार्थना करण्यात येते) अशी सुरुवात आली. एका विषयात बुडून शिकण्याचे हे ओघाने येणारे मोल आहे. शब्द मिळतो, पण तो कोणत्या प्रसंगी शोभतो हे वेगळे शिकावे लागते. त्यासाठी वहीतल्या प्रत्येक नोंदीपुढे तिने ‘कोर्टात’, ‘लेखात’ किंवा ‘कोठेही’ असा शेरा लिहायला सुरुवात केली. ‘कन्फर’ला ‘लेखात’ हा शेरा मिळाला, ‘हिअरबाय’ कोर्टात राहिला.

उच्चारांची अडचण महाविद्यालयाच्या सराव-न्यायालयात उघड झाली. सारे शब्द डोळ्यांनी शिकलेले असल्याने ‘वारस’ या अर्थाच्या शब्दातला मुका ‘एच’ तिने स्पष्ट उच्चारला आणि ‘एअर’चे ‘हेअर’ झाले. ‘मेस्न’चा उच्चार ‘मीन’ होतो, आणि आरोप ठेवण्याच्या क्रियापदातला ‘सी’ मुका राहून ते ‘इंडाइट’ होते, हेही तिला नवे होते. मराठीत जसे लिहितो तसे बहुतांशी वाचतो, त्यामुळे आपल्या मुलांना इंग्रजीचे लेखन फसवते. तेव्हापासून कार्ड लिहिण्याआधी मोबाइलवरच्या कोशातील उच्चार ऐकायचा आणि तो देवनागरीत कोपऱ्यात लिहायचा, अशी तिने पद्धत ठेवली. देवनागरीत इंग्रजीतला आघात दाखवता येत नाही, म्हणून आघाताच्या अक्षराखाली ती रेघ मारते.

काय साधले, काय राहिले

वर्षाच्या अखेरीस पूर्वी न वाचलेल्या, पण वारसाहक्काच्याच एका निकालपत्राचे पान तिला पुन्हा तपासायला दिले, तेव्हा लाल रेघा चार-पाचांवर आल्या होत्या आणि बिनरेघेच्या शब्दांचे अर्थही जवळजवळ सगळे बरोबर होते. दुसरीकडे बँकिंगवरचा एक इंग्रजी लेख दिला तर तिथे ती अजून थबकते. दुसऱ्या वर्गातले शब्द तिला ओळखीचे वाटतात, त्या क्षेत्राच्या संज्ञा मात्र नव्या असतात. बोलण्याचा वेगही कमीच आहे. वाचताना ओळखू येणारा शब्द बोलताना वेळेवर आठवण्यास फार अधिक काळ लागतो, आणि तो काळ तिने अजून दिलेला नाही. जुन्या यादीतल्या शब्दांचे काय झाले, असे मी विचारले, तेव्हा वाचनात भेटले नाहीत ते बहुतेक पुसले गेले, असे तिने सांगितले.

पुढचा विषयही तिने आपल्या परिसरातलाच घेतला आहे. खानापूर तालुक्यात २०११ मध्ये भीमगड अभयारण्य घोषित झाले आणि जंगलाला लागून असलेल्या वस्त्यांचे वहिवाटीचे प्रश्न तिने जवळून पाहिले आहेत. म्हणून २००६ चा वनहक्क कायदा आणि त्यावरचे निकाल ती वाचू लागली आहे. त्या कायद्याच्या उद्देशवाक्यात वनहक्क ‘रेकग्नाइज अँड व्हेस्ट’ करण्याची भाषा आहे. ‘व्हेस्ट’ तिच्याकडे आधीपासून होता, ‘व्हेस्ट इन’ आणि ‘व्हेस्टेड राइट’ या शेजारांसह. नव्या कार्डांवर आता ‘ड्वेलर’ (रहिवासी), ‘हॅबिटेशन’ (वस्ती), ‘इव्हिक्शन’ (निष्कासन), ‘एन्क्रोचमेंट’ (अतिक्रमण) हे शब्द आले आहेत. त्यातल्या ‘एन्क्रोचमेंट’साठी स्वतःचे वाक्य रचायला तिने दोन दिवस घेतले, कारण गावात ज्याला पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट म्हणतात त्याला वनखात्याच्या नोटिशीत हाच शब्द लावलेला असतो, आणि वाक्य कोणाच्या बाजूने लिहायचे हे तिला आधी ठरवावे लागले.